भाकरी घरची, शिकार रानातली

भेकर मेलेलं सापडलं की वाडीत पहिलं नाव निघतं बिबट्याचं. दुसरं कोळसुंद्याचं, म्हणजे रानकुत्र्याचं. घरच्या कुत्र्याचं नाव सहसा कुणी घेत नाही. पण मेलेलं जनावर नीट बघितलं तर मारणारा कोण ते कळतं. बिबट्या नरडं धरतो. नरड्यावर दोन-चार खोल भोकं असतात, बाकी अंगावर फारशी ओरबड नसते आणि जनावर ओढत जाळीत नेलेलं असतं. कोळसुंद्यांचा कळप पोटाकडून फाडतो आणि थोड्याच वेळात हाडं-कातडं तेवढं मागे ठेवतो. गावातल्या कुत्र्यांनी मारलेल्या भेकराच्या मागच्या मांड्या चावून चावून सोललेल्या दिसतात. कुशीला, शेपटीखाली, कानांना चावे असतात. मांस मात्र बरंचसं जागच्या जागी असतं. मारणाऱ्यांना भूक नव्हती. परत जाऊन त्यांना भाकरी मिळणार होती.

कोयनानगर आणि आसपासच्या वाड्यांमधल्या मोकळ्या कुत्र्यांबद्दल लिहायचं तर सुरुवात या भेकरापासूनच करायला हवी. शहरात या विषयावर बोलणं निघालं की ते चाव्यापासून सुरू होतं आणि चाव्यापाशीच संपतं. चावा इथेही आहे, त्याच्याकडे येतोच. पण कोयनेच्या खोऱ्यात कुत्रं दाराबाहेर पडलं की पंधरा मिनिटांत जगाच्या नकाशावर नोंदलेल्या जंगलात शिरतं. हे फार थोड्या गावांच्या बाबतीत म्हणता येईल.

कराडहून चिपळूणकडे निघालं की पाटण मागे पडतं, डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि हेळवाकच्या अलीकडे-पलीकडे कोयनेची वस्ती लागते. पुढे कुंभार्ली घाट आणि मग कोकण. कोयनानगर हे धरणासाठी वसलेलं गाव. १९५०च्या दशकात काम सुरू झालं, वसाहती उभ्या राहिल्या, देशभरातून माणसं आली. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंपाने सगळं हलवलं, तरी गाव पुन्हा उभं राहिलं. वीज प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याचं लेक टॅपिंग, म्हणजे जलाशयाला खालून बोगद्याने भोक पाडणं, १९९९मध्ये झालं. मोठी कामं संपत गेली तशी माणसं बदलून गेली आणि क्वार्टर्स ओस पडू लागल्या. दारं-खिडक्या गेलेल्या खोल्या, पडक्या पडव्या, कोरडे कोपरे. ज्या गावात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे कोरडा कोपरा म्हणजे व्यायला टेकलेल्या कुत्रीसाठी मोठीच सोय.

आणि या वस्तीला खेटून जंगल. कोयना अभयारण्य १९८५मध्ये जाहीर झालं, ४२३ चौरस किलोमीटरचं. दक्षिणेला सांगली-कोल्हापूरच्या बाजूला चांदोली. दोन्ही मिळून २०१०मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा आणि बफर धरून क्षेत्र ११६५ चौरस किलोमीटर, चार जिल्ह्यांत पसरलेलं. २०१२मध्ये पश्चिम घाटाची जागतिक वारसास्थळांत नोंद झाली, तेव्हा कोयना आणि चांदोली ही दोन्ही जंगलं त्यात होती. शाळा, एसटी स्टँड, बाजार, नेहरू उद्यान, धरणाची भिंत आणि हे जंगल एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मध्ये तटबंदी नाही. ती घालणं शक्यही नाही आणि कुणी घालूही नये. गवे, सांबरं, बिबटे यांच्या वाटा इथूनच जातात.

या भागात मोकळं फिरणारं कुत्रं कुणाचं, असा प्रश्न विचारला तर उत्तर सरळ येत नाही. स्टँडवर पडलेलं, वड्याच्या गाडीभोवती घुटमळणारं कुत्रं खरोखरच कुणाचं नसतं. पण वाडीवस्तीवरची बहुतेक कुत्री कुणाची ना कुणाची असतात. त्यांना नाव असतं. हाक मारली की ती येतात. सकाळ-संध्याकाळ भाकरीचा तुकडा, ताकाचं पाणी, सणासुदीला उष्टं-खरकटं मिळतं. गळ्यात दोरी मात्र नसते, लस टोचलेली नसते, आणि रात्री ती कुठे जातात हे घरातल्या कुणाला माहीत नसतं. चावा घेतला, शेरडू मारलं, की तेच कुत्रं एका रात्रीत ‘आमचं नाही’ होतं. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. बेवारस कुत्र्यांवर देशभर रान उठलं आहे. घर असलेल्या मोकळ्या कुत्र्याबद्दल बोलायला कुणी तयार नाही.

याचं एक कारण असं की कुत्र्याशी आपलं नातं जुनं आणि मायेचं आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. कराड तालुक्यात तारळी नदीकाठच्या पालला खंडोबा आहे आणि खंडोबापाशी कुत्रं आहेच. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट ऐकतच आपण मोठे झालो. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. वाघ चालून आला तेव्हा खंड्याने महाराजांना सावध केलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं सांगतात. त्या समाधीपाशी उभं राहिलं की हा जीव माणसाच्या किती जवळ आला आहे ते जाणवतं. मला ही माया पुसून टाकायची नाही. खंड्या महाराजांच्या सोबत होता, त्याच्यावर कुणाचं तरी लक्ष होतं. आज वाडीतल्या कुत्र्याच्या वाट्याला माया येते, लक्ष येत नाही.

दुसरं कारण पोटाचं आहे, आणि शहरात बसून लिहिणारे ते नेहमी विसरतात. भातखाचरात, नाचणीत रात्री डुकरं शिरतात. साळिंदर रताळी उकरतं. गवा एका रात्रीत हंगामाचा तोंडचा घास पळवतो. माळ्यावर रात्रभर जागून, डबे बडवून राखण करणाऱ्या माणसाला विचारलं तर तो सांगेल की कुत्रं बांधून ठेवलं तर शेत राहत नाही. गवळी-धनगरांच्या वस्तीवर म्हशी-शेरडांसाठी कुत्रं लागतंच. मोकळं कुत्रं हे गरिबाचं कुंपण आहे. ते बांधा म्हणायचं, तर त्या जागी दुसरं कुंपण काय, याचं उत्तर म्हणणाऱ्याने आधी द्यायला हवं.

पण हे कुंपण जागेवर थांबत नाही. शेतातून डुक्कर पळालं की त्याच्यामागे कुत्री रानात जातात. दोन-तीन जमली की त्यांचा कळप होतो, आणि एकट्या कुत्र्याला जे सुचत नाही ते कळपाला सुचतं. भेकर अंगाने लहान, एकटं राहणारं. दमेपर्यंत पाठलाग केला की ते पडतं. पिसोरी तर सशाएवढी. तिच्या अंगावरचे ठिपके पाचोळ्यात तिला लपवतात, पण नाकाने शोधणाऱ्यापुढे ठिपक्यांचा काय उपयोग? रानकोंबड्या, टिटव्या, चंडोल जमिनीवर घालतात ती अंडी-पिल्लं कुत्र्यांच्या तोंडी जातात. घोरपडी, खवले मांजर, सशाची पिल्लं यांचीही तीच गत. पाठीमागे लागलेलं सांबर पाण्याकडे धाव घेतं, ही त्याची जुनी सवय. धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठाला पाण्यात उतरलेलं दमलेलं सांबर बाहेर येईपर्यंत काठावर भुंकत बसणारी कुत्री त्याचा जीव तशीही घेतात. प्रत्येक पाठलागाचा शेवट शिकारीत होत नाही. पण गाभण मादीने दिवसाआड जीव घेऊन पळायचं, चरायची जागा सोडायची, पिल्लाला जाळीत एकटं टाकायचं, याची मोजदाद मेलेल्या जनावरांत होत नाही.

या शिकारींचा बट्टा लागतो तो कोळसुंद्याला. रंगाने तांबूस, शेपूट काळी आणि झुपकेदार. तो भुंकत नाही, शीळ घालतो. त्याच्या मुताने वाघाचेही डोळे जातात, अशी जुनी समजूत आहे. सह्याद्रीत वाघ जवळजवळ नाहीसा झाला होता त्या वर्षांत या जंगलाचा खरा शिकारी कोळसुंदाच होता. जगभरात प्रजननक्षम कोळसुंदे अडीच हजारांच्या आत उरले आहेत. वस्तीजवळ शेरडू फाडलेलं मिळालं की नाव त्याचं घेतलं जातं, संताप त्याच्यावर निघतो, कधी विष त्याच्यासाठी ठेवलं जातं. वाडीतलं कुत्रं तोवर ओट्यावर झोपलेलं असतं.

या विषयावर महाराष्ट्रात झालेलं महत्त्वाचं काम कोयनेपासून दूर, सोलापूरच्या नान्नजला झालं. माळढोकसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या माळरानावर अबी तमीम वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकड आणि गावकुत्री यांचा अभ्यास केला, दोघांनाही रेडिओ कॉलर लावून. कुत्र्यांचं पोट जवळजवळ सगळं माणसाच्या अन्नावर भरतं, आणि तरीही खोकड त्यांना टाळतं, असं त्यात दिसलं. त्याच भागात पशुवैद्य अनिरुद्ध बेलसरे यांनी कुत्र्यांचं रक्त तपासलं, तेव्हा बहुसंख्य कुत्र्यांना डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांचा संसर्ग होऊन गेल्याचं आढळलं. खोकडाला कुत्र्याने धरायची गरजच नव्हती. त्याच पाणवठ्यावर कुत्रं येऊन गेलं तरी पुरे होतं. पुढे २०१८मध्ये चंद्रिमा होम, यशवीर भटनागर आणि वनक यांनी देशभरच्या नोंदी गोळा केल्या. कुत्र्यांनी हल्ला केलेल्या प्राण्यांच्या ८० जाती निघाल्या, त्यांतल्या ३१ धोक्यात आलेल्या जातींच्या यादीतल्या. जवळजवळ निम्म्या घटना अभयारण्यांच्या आत किंवा लगत घडल्या होत्या. पुण्याजवळच्या माळावर तर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालं. तो शोधनिबंध २०२३मध्ये आला.

एकट्या कुत्र्याने काय होणार, असं ज्याला वाटतं त्याने न्यूझीलंडची गोष्ट ऐकावी. १९८७मध्ये तिथल्या वाइटांगीच्या जंगलात किवी पक्षी पटापट मरू लागले. अभ्यासासाठी ट्रान्समीटर बांधलेल्या २४ पक्ष्यांपैकी १३ मेले. त्यावरून काढलेला अंदाज असा की त्या जंगलातल्या ८०० ते १००० किवींपैकी ५००पर्यंत पक्षी दीड महिन्यात मारले गेले. मारणारी एकच जर्मन शेफर्ड कुत्री होती. तिच्या गळ्यात पट्टा होता, पण नोंदणी कुठेच नव्हती. ती कुणीतरी पाळलेली, कुणाच्या तरी घरची कुत्री होती.

रोगाची बाजू याहून भयंकर आहे. १९९४मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत डिस्टेंपरने सुमारे एक हजार सिंह मेले. तिथल्या सिंहांचा तो तिसरा हिस्सा होता, आणि हा विषाणू आसपासच्या गावकुत्र्यांतून आल्याचं मानलं जातं. २०१८च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया भागात वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांतल्या अनेकांत हाच विषाणू सापडला. नोव्हेंबर २०२५मध्ये ताडोब्याची वाघीण चांदोलीत आणली गेली. सह्याद्रीत वाघ पुन्हा नांदावा म्हणून वर्षानुवर्षं मेहनत चालली आहे: गावांचं पुनर्वसन, गवताळ कुरणं, सागरेश्वरहून आणलेली चितळं. त्या वाघिणीच्या पाणवठ्यापर्यंत डिस्टेंपर पोचवायला लस न टोचलेलं एक कुत्रं पुरेसं आहे. कळकळीने सांगावंसं वाटतं ते हेच, की वाघासाठी एवढं केलं तर कुत्र्याच्या लसीपाशी हात आखडता घेऊ नका.

आणि बिबट्या? त्याचं गणित उलटं आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठा तपासल्या, तेव्हा त्यांच्या आहारातला सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. जंगली प्राण्यांचा वाटा किरकोळ होता, ८७ टक्के आहार पाळीव जनावरांचा होता. अकोले म्हणजे उसाचा मुलूख आणि कोयना म्हणजे जंगल, त्यामुळे आकडे जसेच्या तसे इकडे लावता येणार नाहीत. पण बिबट्याची आवड तीच आहे. जिथे रात्री मोकळी कुत्री भरपूर, तिथे बिबट्याच्या फेऱ्या भरपूर. ओट्यावर झोपलेलं कुत्रं उचलायला तो अंगणात येतो, आणि अंगणात माणसंही असतात, लहान पोरंही असतात. बिबट्याच्या भीतीने कुत्रं पाळायचं आणि त्याच कुत्र्याच्या वासाने बिबट्या दारात यायचा, असं हे चक्र चालतं. कुत्र्याच्या बाजूनेही बघायला हवं. रानात पोसलेल्या या मुक्या जिवाचं मरण बहुतेक वेळा असं असतं: बिबट्याच्या तोंडी, ट्रकखाली, नाहीतर खरजेने आणि उपासाने.

आता चावा. कोयनानगर हे कराड-चिपळूण रस्त्यावरचं गाव, रात्रंदिवस वाहनं चालू. दुचाकीमागे कुत्रं धावलं की चालवणारा मागे बघतो, आणि पावसाने निसरड्या झालेल्या वळणावर मागे बघणं महागात पडतं. भाद्रपद हा त्याचा खास महिना. कुत्री माजावर येतात, एका मादीमागे सात-आठ नर, आपसांत भांडणारे. वाटेत येईल त्याच्यावर जाणारे. वाड्यांमधून शाळेला चालत येणाऱ्या पोरांना हा महिना नको वाटतो. छत्री उगारली की कुत्रं चिडतं आणि पळालं की पाठीस लागतं, हे पोरांना कुणीतरी शिकवायला हवं: उभं राहायचं, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, हात अंगाशी धरायचे, दप्तर पुढे धरायचं आणि हळूहळू मागे सरायचं. शिक्षकांनी जूनमध्ये एक तास याला दिला तर तो वाया जाणार नाही.

देशात २०२४ या एका वर्षात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटनांची नोंद झाली. त्यात महाराष्ट्र सर्वांत वर होता, ४ लाख ८५ हजारांहून अधिक. २०१९च्या पशुगणनेत राज्यात बेवारस कुत्री १२ लाख ७६ हजार मोजली गेली. वाडीवरची, भाकरी खाऊन रानात जाणारी कुत्री त्यात किती आली असतील, याची मला शंकाच आहे. मोजायला आलेल्या माणसाला ‘हे आमचं’ असंच सांगितलं जातं.

रेबीजबद्दल इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण कराडचं मोठं रुग्णालय कोयनेपासून साठेक किलोमीटरवर आहे, आणि लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चावा झाला, ओरखडा उठला, उघड्या जखमेवर लाळ लागली, तर पहिली पंधरा मिनिटं मोलाची. नळाखाली वाहत्या पाण्यात, साबण लावून, घड्याळ बघून पूर्ण पंधरा मिनिटं जखम धुवायची. दुखतं, पोर रडतं, तरी थांबायचं नाही. विषाणू जखमेत असतो तोवर साबण त्याला मारतो. एकदा तो मज्जातंतूत शिरला की साबणाचा उपयोग नाही. हळद, चुना, तिखट, तेल काही भरायचं नाही. त्याने जखम चिडते आणि विषाणू आत ढकलला जातो. मग त्याच दिवशी दवाखाना. सरकारी दवाखान्यात कातडीत टोचायची लस पहिल्या दिवशी आणि नंतर तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायची असते. रक्त आलेल्या खोल जखमेला लसीच्या जोडीला सिरम लागतं, तेही जखमेतच. सिरम प्रत्येक ठिकाणी मिळत नाही, त्यामुळे ‘इथे आहे का, नसेल तर कुठे मिळेल’ हे त्याच वेळी विचारायचं. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायचे दिवस केव्हाच गेले. पण ती भीती अजून आहे, आणि तिच्यापायी लोक चार दिवस घरी काढतात. दोन टोचून ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडणारेही आहेत. अठ्ठाविसाव्या दिवशी भाताची लावणी असली, तरी जायचं.

कायदा काय सांगतो? २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातली सगळी मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायचा आदेश दिला. अकरा दिवसांत तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री होती तिथेच सोडायची, पिसाळलेली आणि आक्रमक तेवढी ठेवून घ्यायची, आणि रस्त्यावर वाटेल तिथे खायला घालायचं नाही. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं, क्रीडासंकुलं इथली कुत्री हटवून परत तिथे न सोडण्याचा आदेश झाला. कागदावर यात कोयनेचं एसटी स्टँडही आलं आणि शाळाही आली. पण हटवलेलं कुत्रं ठेवायचं कुठे? २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदीला मान्यताप्राप्त संस्था लागते, शस्त्रक्रियेची खोली, पिंजरे, प्रशिक्षित पशुवैद्य लागतात. पाटण तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीला हे झेपणारं नाही. तिच्याकडून अपेक्षा करायची आणि तिने केलं नाही म्हणून बोट दाखवायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. हा भार जिल्हा परिषद, पशुसंवर्धन आणि वन विभाग यांनी मिळून उचलायचा आहे.

पाळलेल्या कुत्र्याबद्दल मात्र कायदा स्पष्ट आहे. त्याच नियमांत पाळीव कुत्र्याची लस, जंतनाशक, नसबंदी ही मालकाची जबाबदारी म्हटली आहे. जनावराच्या बाबतीत हलगर्जी करून माणसाच्या जिवाला धोका निर्माण केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. कुत्र्यांकरवी वन्यप्राण्याचा पाठलाग करून मारणं वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत बसतं. आणि त्याच कायद्यात १९९१च्या दुरुस्तीने ३३ (अ) हे कलम घातलेलं आहे: अभयारण्यात आणि त्याच्या भोवतालच्या पाच किलोमीटरांत पाळलेल्या जनावरांना संसर्गजन्य रोगांची लस टोचण्याची व्यवस्था मुख्य वन्यजीव रक्षकाने करायची. पाच किलोमीटर! त्यात अख्खं कोयनानगर येतं, हेळवाक येतं, नवजा येतं. गुरांना खुरकतीची, घटसर्पाची लस टोचायला माणसं येतात ती गोठ्यापर्यंत. गोठ्याच्या दाराशी बसलेलं कुत्रं तसंच राहतं.

पर्यटकांना वेगळं सांगायला हवं. पावसाळ्यातल्या रविवारी ओझर्डे धबधब्याकडे आणि नेहरू उद्यानाकडे गाड्यांची रांग लागते. मक्याची कणसं, वडापाव, बिस्किटांचे पुडे. कुत्र्याला बिस्किट टाकलं की ते माणसांच्या मागे पायऱ्या चढत धबधब्यापर्यंत येतं, म्हणजेच जंगलात येतं. आणि संध्याकाळी माणसं परत गेली तरी ते लगेच परत जातंच असं नाही. शिवाय हल्ली गाडीच्या मागच्या सीटवर लॅब्रेडॉर, हस्की आणले जातात आणि मोकळी हवा मिळावी म्हणून पट्टा काढून सोडले जातात. पुण्या-मुंबईत बागेत पट्ट्याने धरलेला कुत्रा इथे मोकळा करायचा, हे का? जंगल म्हणजे रिकामी जागा, असा समज त्यामागे आहे. त्या गवतात कुणाचं तरी घरटं असतं. मुक्काम करणारे पट्टा धरतील आणि उरलेलं अन्न बरोबर परत नेतील, एवढी अट हॉटेलवाल्यांनी आणि होम-स्टेवाल्यांनी पाटीवर लिहून लावली तरी फरक पडेल.

हे सगळं होऊ शकतं का? गोव्यात झालं. तिथे मिशन रेबीज ही संस्था, राज्य सरकार आणि पशुवैद्यकांनी गल्लोगल्ली जाळी घेऊन, पाळलेली-बेवारस असा भेद न करता कुत्र्यांना लस टोचली. ७० टक्के कुत्र्यांना लस पोचली की रेबीजची साखळी तुटते, या हिशोबाने दरवर्षी मोहीम काढली. कुत्र्यांतला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला, माणसांचे मृत्यू थांबले आणि २०२१मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. भूतान हा आपल्यासारखाच डोंगरी, वाड्यावस्त्यांचा देश. चौदा वर्षं चिकाटीने काम करून २०२३मध्ये त्यांनी आपल्या सगळ्या मोकळ्या कुत्र्यांची नसबंदी पूर्ण केल्याचं जाहीर केलं, दीड लाखांवर कुत्र्यांची; आणि त्याबरोबर ३२ हजार पाळीव कुत्र्यांना मायक्रोचिप बसवल्या. पाळलेली कुत्री नोंदवल्याशिवाय बेवारस कुत्री कमी होत नाहीत, हे त्यांना कळलं होतं. आपल्याकडे नसबंदी होते ती शहरातल्या बेवारस कुत्र्यांची, आणि नवी पिल्लं येत राहतात वाडीतल्या घरच्या कुत्रीची.

कोयनेसाठी मी जे मागतो ते यांहून छोटं आहे. प्रत्येक वाडीत कुत्र्यांची एक वही. घर, कुत्र्याचं नाव, नर-मादी, लसीची तारीख. पोलीस पाटील किंवा आशाताई ती ठेवू शकतील, पण त्यांच्यावर आणखी एक फुकटचं काम लादू नये. त्याचे पैसे द्यावेत. ज्याचं नाव वहीत आहे त्याच्या कुत्र्याच्या गळ्यात फुकट पट्टा, आणि पट्ट्यावर लसीच्या वर्षाचा रंग, म्हणजे वनरक्षकाला दुर्बिणीतून किंवा कॅमेरा ट्रॅपच्या फोटोत सुद्धा कळेल की हे कुत्रं कुठल्या वाडीचं. माद्यांची नसबंदी आधी, नरांची नंतर. पैसा कमी असेल तेव्हा हाच क्रम फळतो. रेबीजबरोबर डिस्टेंपरचीही लस, कारण एकट्या रेबीजच्या लसीने वाघिणीचं संरक्षण होत नाही. आणि राखणीसाठी दुसरी सोय. बफरमधल्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजना २०१५पासून आहे. तिच्यातून सौर कुंपणं देता येतात. ज्या वस्तीने रात्री कुत्री बांधायचं कबूल केलं, त्या वस्तीला कुंपण आधी मिळावं आणि पीक नुकसानीचे पैसे वेळेत मिळावेत. कुत्र्याच्या गळ्यात दोरी घालायची तर दोरीचं दुसरं टोक सरकारनेही धरलं पाहिजे.

वेळही नीट निवडावी लागेल. भाद्रपदात माजावर आलेल्या माद्या दोन महिन्यांनी, कार्तिक-मार्गशीर्षात वितात. म्हणजे तेव्हा ओस पडलेल्या क्वार्टर्समधून पिल्लांचा आवाज सुरू झालेला असतो. तेव्हा शस्त्रक्रियेचं शिबिर घेऊन काही साधत नाही. त्या महिन्यांत पिल्लांची गणना करावी, पौष-माघात त्यांना पहिली लस टोचावी. नसबंदीचं शिबिर फाल्गुन ते वैशाख या दिवसांत व्हावं: वाटा कोरड्या असतात, बामणोलीकडच्या पाणलोटातल्या वस्त्यांना लाँचने जाता येतं, टाके भरून यायला ऊन असतं आणि शेतात राखणीचं काम नसतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात नवज्याला पाऊस धरला की पुढचे चार महिने शस्त्रक्रिया केलेलं कुत्रं कोरडं ठेवणं कठीण. शिबिराचे पैसे मार्चच्या आत मंजूर व्हायला हवेत, म्हणजे मागणी जिल्हा परिषदेकडे आणि व्याघ्र प्रकल्पाच्या कार्यालयाकडे दिवाळीनंतर लगेच जायला हवी.